रिमवरचा आकडा वाचा, मग टायर निवडा

जुनी गाडी बघायला गेलं की आपण बॉनेट उघडतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, कुठे रंग मारलाय का ते उन्हात तिरकं होऊन न्याहाळतो. टायरच्या वाट्याला येते फक्त एक लाथ. नक्षी शिल्लक आहे ना, मग झालं! मी घेतलेल्या हॅचबॅकचे टायर तर जवळजवळ नवे होते आणि चांगले रुंद. “मोठे टाकलेत साहेब, गाडी रस्त्याला चिकटून चालते,” विकणारा कौतुकानं सांगत होता. कंपनीचा साइझ १८५/६५ आर १५. गाडीला होते २०५/६५ आर १५, म्हणजे पूर्वी इनोव्हाला यायचे ते. रिम मात्र मूळचीच.

दिसायला गाडी रुबाबदार होती, यात वाद नाही. पहिली कुरकुर सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऐकू आली. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी मागे घेतली की पुढच्या डाव्या चाकातून खर्र आवाज यायचा. मग पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरताना मागच्या सीटवर तिघं आणि डिकीत तांदळाचं पोतं, अशा वजनानं एकेका खड्ड्यात मागचा टायर वरच्या आर्चला घासू लागला. चिपळूणला चहाला थांबून वाकून बघितलं. आर्चच्या आतलं प्लॅस्टिक घासून गुळगुळीत झालेलं आणि टायरच्या खांद्यावर बोटभर रुंदीची काळी चकाकती पट्टी.

यात गूढ काही नाही, हिशेब आहे. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी आणि ६५ ही त्या रुंदीच्या टक्केवारीत टायरची उंची. म्हणजे रुंदी वाढवून ६५ तसाच ठेवला की उंचीही आपोआप वाढते. मूळ चाकाचा व्यास ६२१ मिमीच्या आसपास, या टायरांमुळे तो ६४७ वर गेला. फरक चार टक्क्यांहून थोडा जास्त. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा मूळ हिशेबापेक्षा गाडी तीनेक किलोमीटरनं जास्त पळत असते. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये गाडी दमते, कारण चाक मोठं झालं की इंजिनाला तोच चढ जड जातो. ॲव्हरेज पडतं, त्यातलं थोडं खरं, थोडं नुसतं कागदावरचं. मोठं चाक तेवढ्याच फेऱ्यांत जास्त अंतर कापतं आणि ओडोमीटरला ते कळत नाही. माझे अर्धे मित्र अजून हे मान्य करत नाहीत.

उंचीचं दुखणं निदान घासून आवाज तरी करतं. रुंदीचं गुपचूप चालू राहतं. प्रत्येक रिमवर, बहुधा आतल्या बाजूला किंवा स्पोकच्या पाठीमागे, तिचं माप कोरलेलं असतं. माझ्या रिमवर होतं १५ × ५जे. पाच म्हणजे टायरच्या दोन्ही कडा जिथे बसतात त्यांच्यामधलं अंतर, पाच इंच, १२७ मिमी. टायर बनवणारे प्रत्येक साइझसाठी किती रुंदीची रिम चालेल याचा तक्ता देतात. १८५/६५ आर १५ ला पाच ते साडेसहा इंच चालते. २०५/६५ आर १५ ला किमान साडेपाच लागते. टायर बसला, हवा भरली, बॅलन्सिंग झालं याचा अर्थ तो नियमात बसला असा होत नाही. अरुंद पाटावर बसलेल्या स्थूल गृहस्थांसारखा तो दोन्ही बाजूंनी ओघळतो. वळणावर साइडवॉल लवते आणि स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर उशिरा ऐकते. शिवाय टायरची पाठ गोलसर होते, सगळा भार मधल्या पट्ट्यावर येतो. माझे टायर मधोमध गोटा व्हायला लागले तेव्हा कडांची नक्षी शाबूत होती. टायरवाला म्हणाला, हवा जास्त मारता. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणेच होती. फक्त तो स्टिकर या टायरांसाठी छापलेला नव्हता.

आणि ‘चिकटून चालते’ याचं काय? कोरड्या डांबरावर थोडंफार खरं असेल. साचलेल्या पाण्यात तेवढ्याच वजनाची गाडी रुंद टायरांवर लवकर तरंगू लागते. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, हे रुंद टायरांची भलामण करणाऱ्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

स्टेपनीची आठवण पंक्चर झाल्यावरच होते. पुढचं चाक बसलं, स्टेपनी काढली, तर ती मूळ १८५ चीच. एका बाजूला छोटं चाक, एका बाजूला मोठं. गाडी एकीकडे ओढायला लागली. अशा वेळी स्टेपनी मागे लावून मागचं चाक पुढे आणावं, म्हणजे पुढची जोडी तरी सारखी राहते, आणि सावकाश जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जावं. काढलेलं जाडं चाक स्टेपनीच्या खड्ड्यात नीट बसलंच नाही. डिकीची फळी बोटभर वर राहिली आणि तिच्यावर तांदळाचं पोतं डुगडुगत घरी आलं.

यावर कुणी म्हणेल, मग साइझ बदलूच नये का? तसं नाही. अनेक गाड्यांच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ येतो. तिथे १८५/७० आर १४ घातला तर व्यासात एक टक्क्याहूनही कमी फरक पडतो आणि ५जे रिमवर तो नियमानं बसतो. रुंदी वाढवताना दुसरा आकडा कमी केला, यात सगळं आलं. उलट माझ्या ५जे रिमवर १९५/६५ किंवा १९५/६० देखील तक्त्याप्रमाणे चालत नाही. त्यांनाही किमान साडेपाच लागते, जरी दुकानात ‘बिनधास्त टाका’ असंच ऐकायला मिळतं.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी रिमवरचा जे आकडा मोबाइलमध्ये टिपून ठेवा. व्यासाचा फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवा. साइझनंतरचा आकडा, उदाहरणार्थ ८८टी, मूळ टायरपेक्षा कमी नको. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर. नवे बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत वळवून बघा आणि शॉकॲब्सॉर्बर व टायर यांच्यात बोट सहज जातं का तेही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही. अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरला आयतं निमित्त देण्यात शहाणपण नाही.

मी ते चारही टायर काढून १८५/६५ घातले. खर्र आवाज त्याच दिवशी गेला. जुनी गाडी घेणाऱ्यांना एकच सांगणं: ड्रायव्हरच्या दारावरचा स्टिकर आणि टायरवरचा साइझ सौद्याआधी ताडून बघा. जुळत नसेल तर रिमचा आकडा बघा, आणि तोही जुळत नसेल तर चार नव्या टायरांची किंमत सौद्यातून बेलाशक वजा करा.