बॅटरी बदलण्याआधी

आटगावात महामार्गालगत मी गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. शहापूर-मुरबाडकडची भेंडी-काकडी भरलेली पिकअप पहाटे बाजारात पोचली नाही, तर शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून काही गोष्टी इथल्या गाडीवाल्यांनी आणि नव्या पोरांनी जाणून घ्याव्यात, असं मनापासून वाटतं.

१. सेल्फ ‘कट कट’ करून गप्प झाला की गाडीवाला म्हणतो, “दादा, बॅटरी गेली.” आधी मीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. आकडा वर चढलाच नाही तर डायनामो चार्ज देत नाही. आधी पट्टा सैल आहे का ते बघा, मग कार्बन. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय, तो बॅटरीचं पाणी आटवणार. नवी बॅटरी काही हजारांची. मीटर लावायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

२. आमच्याकडे पाऊस धो-धो, रस्त्यांना चिखल. त्यामुळे दोष बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये सापडतो. काळ्या वायरीचं टोक बॉडीला जिथे आवळलेलं असतं, तिथला बोल्ट वरून घट्ट दिसतो आणि आत गंज धरलेला असतो. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बोल्ट सोडा, पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासा, आवळा, वरून ग्रीस लावा. ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटरही मिणमिणायला लागला, तर त्या दिव्याचं अर्थिंग तपासा.

३. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार घालू नका. कुणी घालू लागला तर हात धरा. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तार घातली की अख्खं वायरिंग जळतं, कधी गाडीच पेटते.

४. शॉर्ट शोधायला फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडा. त्या लाईनीवरचं सगळं बंद असूनही बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट आहे. मग एकेक कपलर काढत जा, वायरिंग हलवत जा. बल्ब विझला की दोष तिथेच. पिकअपच्या हौद्याखाली चॅसिसला घासणारी टेललाईटची वायर आधी बघा. भातकापणीनंतर बॉनेटखालीही बघा, उंदीर वायरी कुरतडतात.

५. बॅटरी रात्रीत उतरत असेल तर गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, मग मायनसच्या वायरीत मीटर जोडून करंट मोजा. ५० मिलीअँपिअरपर्यंत चालतं. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून बघा. सगळे काढूनही करंट कमी होत नसेल, तर पहाटे गार इंजिनवर डायनामोला हात लावा. तो कोमट लागला तर डायोड गळतोय.

६. डायनामो तपासायला चालू गाडीत बॅटरीचा टर्मिनल काढायची जुनी सवय सोडा. व्होल्टेज एकदम उसळतो. डायोड जातात, नव्या गाड्यांचा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही जातो, आणि त्याची किंमत बॅटरीच्या कितीतरी पट असते.