व्यालेली गाय वेळेत गाभण राहावी, तर पैसे कुठे घालावेत?

गाय तीन-चारदा उलटली की आपण इंजेक्शनांवर पैसे घालतो. खरं तर हा खर्च विण्याच्या आगेमागे, दावणीत करायचा असतो.

संकरित होल्स्टिन गायीचं दूध व्याल्यानंतर चार ते आठ आठवड्यांत शिगेला जातं, पण तिची खाण्याची ताकद त्यानंतर वाढते. मधली तूट ती अंगावरची चरबी वितळवून भरते. त्या काळात रक्तातलं इन्शुलिन आणि आयजीएफ-1 घटतं, मेंदूकडून येणारा एलएच संप्रेरकाचा इशारा मंदावतो. बीज पक्व होत नाही, माज लांबतो किंवा मुका राहतो.

माज चुकल्याचा भुर्दंड

माजाचं चक्र 21 दिवसांचं. भाकड गायीचा चारा, खुराक आणि मजुरी मिळून रोज 180 रुपये धरले, तर एक माज हुकला की 3,780 रुपये गेले. वर्षाला वेत हवं असेल, तर 280 दिवसांचा गाभणकाळ वजा जाता हातात 85 दिवसच उरतात.

आधी करायचा खर्च (दर धरलेले आहेत, आपल्या गावचे घालून पाहा)

- खनिज मिश्रण: रोज 50 ग्रॅम, 90 दिवसांना साडेचार किलो. किलोला 150 रुपये धरले तर 675 रुपये.
- बायपास फॅट: जास्त दुधाच्या गायीला रोज 150 ग्रॅम, 60 दिवसांना नऊ किलो. किलोला 160 रुपयांनी 1,440 रुपये.

बेरीज 2,115 रुपये. एका हुकलेल्या माजापेक्षा कमीच.

विण्याआधीचे शेवटचे तीन आठवडे खुराक हळूहळू वाढवा. विताना गाय मध्यम अंगाची असावी. लठ्ठ गाय व्याल्यावर खाणं सोडते आणि झपाट्याने वाळते. विण्याआधी कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. हाडांतलं कॅल्शियम काढायची शरीराची तयारी त्याने मोडते आणि दुग्धज्वर ओढवतो.

तपासणीवर

व्याल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गाय खुराक सोडून नुसती वैरण ओढू लागली, तर मेडिकलमधली कीटोनची पट्टी ताज्या लघवीत बुडवा. पट्टी जांभळी पडली की डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. जार 24 तासांत पडली नाही, तर ती ओढू नका, डॉक्टरांना दाखवा. 40-45 दिवसांनी गर्भाशय एकदा तपासून घ्या. पांढुरका, घाण वासाचा सोट असेल तर भरवण्याआधी उपचार करा. सोट काचेसारखा स्वच्छ असेल तर सकाळी माज दिसलेली गाय संध्याकाळी भरवा, संध्याकाळची दुसऱ्या सकाळी.

कशावर घालू नये

तपासणीविना माजाचं इंजेक्शन घेऊ नका. त्यातल्या प्रोस्टाग्लँडिनचा उपयोग बीजांडकोषावर पीतपिंड असेल तरच होतो. हाडं वर आलेल्या गायीत तो बहुधा नसतोच. औषधाचे, वीर्यमात्रेचे आणि भेटीचे असे तिन्ही पैसे मग पाण्यात जातात. आधी अंग भरू द्या.

पावतीमागे विण्याची, माजाची आणि भरवल्याची तारीख लिहून ठेवा. भरवल्यावर 60 दिवसांनी गाभण तपासणी चुकवू नका. रिकामी गाय जितक्या लवकर कळेल, तितका खर्च वाचेल.