जुन्या वस्त्रांचा नवा उपयोग

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील जासई हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे, ते लोकनेते दि. बा. पाटील यांचे गाव म्हणून आणि जानेवारी १९८४ मधील शेतकरी आंदोलनाचे एक केंद्र म्हणून. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींचा न्याय्य मोबदला मिळावा यासाठी झालेल्या त्या लढ्यात पाच जण हुतात्मा झाले. पुढील चार दशकांत या परिसराचे रूप पालटले. १९८९ मध्ये शेजारी न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूही येथून जवळच जमिनीला टेकला. भाताची खाचरे आक्रसली, अंगणे लहान झाली.

या मोठ्या बदलाच्या सावलीत घरातील एक लहानशी व्यवस्थाही मोडत गेली. शेतकऱ्याच्या घरात कापड शेवटच्या धाग्यापर्यंत वापरले जाई. लुगडे विरले की त्याची गोधडी होई, मऊ तुकड्यांची बाळाची दुपटी होत, उरलेल्या चिंध्यांचे सारवणाचे पोतेरे होई आणि तेही झिजले की उकिरड्यातून शेतातील मातीत जाई. आता सारवायची जमीन उरली नाही, उकिरड्याची जागा घंटागाडीने घेतली आणि कपाटात सुती लुगड्याऐवजी कृत्रिम धाग्याची साडी आली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीणही क्वचितच दारी येते. परिणामी जुन्या चादरी, साड्या व टॉवेल कचऱ्यात जातात. खाडीकाठच्या सखल भागात पावसाळ्यात हेच कापड गटारांत अडकते आणि पाणी तुंबण्यास हातभार लावते. जुन्या वस्त्रांचा पुनरुपयोग हा म्हणूनच गृहिणीच्या काटकसरीइतकाच ग्रामस्वच्छतेचाही विषय आहे.

धाग्याची पारख

पूर्वीच्या फेरवापराचा पाया सुती कापड हा होता. सूत पाणी शोषते, धुण्याने मऊ होते, उकळत्या पाण्यात टिकते आणि शेवटी मातीत मिसळते. पॉलिएस्टर पाणी फारसे शोषत नाही, उष्णतेने वितळते आणि मातीत वर्षानुवर्षे तसेच राहते. म्हणून जुना रिवाज डोळे मिटून चालविता येणार नाही. कापड हाती घेताना प्रथम त्याची जात ओळखावयास हवी.

याची परीक्षा सोपी आहे. कापडावर पाण्याचा थेंब सोडावा. धुऊन मऊ झालेले सुती कापड तो चटकन शोषून घेते. खात्रीसाठी कडेचे दोन-चार धागे काढून, चिमट्यात धरून, पाण्याच्या ताटलीवर पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टरचा धागा आक्रसून वितळतो व त्याचा कठीण मणी बनतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात. ही परीक्षा मोठ्या माणसानेच करावी. मात्र शाळेत शिक्षकांनी ती करून दाखविल्यास कार्यानुभव व विज्ञान या दोहोंचा तो उत्तम पाठ ठरेल.

कोणत्या वस्त्राचे काय करावे

चादर नेहमी मध्यभागी विरते, कडा मात्र शाबूत राहतात. अशी चादर मधोमध उभी कापावी, बाहेरच्या दोन्ही कडा आत आणून एकमेकींस शिवाव्यात आणि नव्या बाजू दुमडून घ्याव्यात. चादरीला आणखी काही काळ आयुष्य लाभते. ती अगदीच जीर्ण झाली की चांगल्या भागाची उशीची खोळ व उरलेल्याची फडकी करावीत.

जुना टॉवेल दुहेरी शिवला की पायपुसणे होते. सुती धोतर किंवा पंचा गाळण्यास व पालेभाजी गुंडाळून ठेवण्यास उपयोगी पडतो. उशीच्या खोळीला दोन बंद लावले की बाजाराची पिशवी तयार होते. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी असल्याने ती घरोघरी हवी. या पिशवीसाठी कृत्रिम कापडही चालते, किंबहुना अधिक टिकते. गरम भांडी उतरविण्याचे फडके मात्र कधीही कृत्रिम कापडाचे नसावे. ते वितळून हाताला चिकटते व भाजण्याची जखम गंभीर होते.

गोधडीचे शास्त्र तर नावांतच सांगितलेले आहे : दोन पदरांचे ते दुपटे, चार पदरांची ती चौघडी. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. त्याच्या चार घड्या केल्या की दोन मीटर लांबीची चौघडी होते. कापड धुऊन कडक उन्हात वाळवावे आणि उजेडासमोर धरून विरलेला भाग पाहावा. विरलेले पदर आत व धड पदर बाहेर ठेवावेत. मोठे कच्चे टाके घालून पदर पक्के करावेत व मग कडेकडून आत येत धावदोरा घालावा. साडीचा काठ घट्ट विणलेला असतो, तो गोठासाठी राखून ठेवावा. पदरांमध्ये कोंडलेली हवा ऊब देते. कोकणच्या दमट हवेत गोधडीला बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यापूर्वी व नंतर तिला ऊन दाखविणे अगत्याचे आहे.

आरोग्याचा प्रश्न

जुन्या कापडाचा एक उपयोग सहसा उघडपणे बोलला जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते २४ वयोगटातील सुमारे निम्म्या स्त्रियांनी मासिक पाळीत कापड वापरत असल्याचे सांगितले. स्वच्छ सुती कापड साबणाने धुऊन, उघड्या उन्हात पूर्ण वाळवून वापरल्यास ते उपयुक्त आहे. संकोचापोटी अंधाऱ्या कोपऱ्यात दमट राहिलेले कापड मात्र संसर्गास आमंत्रण देते. कापड वाळविण्यास आडोशाची पण उन्हाची जागा मिळणे ही घराची, शाळेची आणि वसतिगृहाचीही जबाबदारी आहे.

ग्रामपंचायतीने काय करावे

अंगावर चिंध्या पांघरून हाती झाडू घेणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत. त्यांच्याच नावाने राज्यात २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्या परंपरेला साजेसे काम ग्रामपंचायतींना अल्प खर्चात करता येईल. महिन्यातून एक दिवस कोरडे, धुतलेले कापड वेगळे गोळा करावे. ओल्या कचऱ्यात मिसळलेले कापड कोणाच्याच उपयोगी पडत नाही. सुती व कृत्रिम अशी निवड करून ते बचत गटांना द्यावे. पिशव्यांची पहिली मागणी ग्रामपंचायतीने व शाळेनेच नोंदवावी.

हे काम स्त्रियांवर विनामोबदला लादले जाऊ नये, याचीही दक्षता घ्यावयास हवी. एक गोधडी हाताने शिवण्यास अनेक दिवस लागतात. चिंध्या फुकट मिळाल्या तरी टाके फुकटचे नसतात. किंमत ठरविताना कापडाबरोबर श्रमाचे दिवस मोजले गेले पाहिजेत.

जासईसारख्या गावांतून शेती गेली तरी वस्तूचा शेवटपर्यंत मान राखण्याची शेतकऱ्याची दृष्टी जाण्याचे कारण नाही. प्रत्येक घराने जुने कापड टाकण्यापूर्वी त्याची जात पारखली आणि ते वेगळे ठेवले, तर या कामाची सुरुवात झालीच म्हणावयाची.