बीडमध्ये घरी नेट घेताय? आधी वायर बघा, मग प्लॅन

जाहिरातीत 30, 100, 300 एमबीपीएस असे आकडे असतात. बीड जिल्ह्यात त्याआधी दोन गोष्टी विचारायच्या: तुमच्या गल्लीत कोणाची वायर आली आहे, आणि ती तुटली तर जोडायला कोण येतो? बीड, परळी, अंबाजोगाईच्या बाजारपेठेत याचं उत्तर एक असतं, पाटोदा किंवा शिरूर कासारच्या वस्तीवर दुसरं. कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकून ‘सेवा उपलब्ध’ दिसलं म्हणून पैसे भरू नका. एका पिनकोडात डझनभर गावं असतात. त्यापेक्षा शेजाऱ्याला विचारा, रात्री नऊला व्हिडिओ अडकतो का?

डीएसएल म्हणजे बीएसएनएलच्या लँडलाइनची जुनी तांब्याची तार. त्यावरच्या एडीएसएल2+चा वेग कागदावर जास्तीत जास्त 24 एमबीपीएस. एक्स्चेंजपासून घर तीन-चार किलोमीटर लांब असेल तर हाती चार-पाच पडले तरी पुष्कळ. पावसात जोड भिजला की तेही गेलं. नवीन जोडणी यावर घेऊच नका. जुना लँडलाइन नंबर असेल तर तोच फायबरवर बदलून मागा.

केबलवाल्याच्या नेटबाबत नीट चौकशी करा. मुंबई-पुण्यात टीव्हीच्या केबलमधून नेट देणाऱ्या कंपन्या आहेत. आपल्याकडे केबलवाला बहुधा बीएसएनएल किंवा रेलटेलच्या ‘रेलवायर’सारख्या कंपनीचं नेट पुढे देतो. घरात येणारी शेवटची वायर फायबरची की लॅनची, एवढं विचारा. लॅन असेल तर खांबावरच्या पेटीची वीज गेली की तुमचं नेट गेलं, आणि वळवाच्या विजांत राउटरचं पोर्ट जळण्याची भीती वेगळी. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही.

म्हणून फायबर मिळत असेल तर फायबरच. एअरफायबरच्या नावात फायबर असलं तरी तो 5जी टॉवरचा सिग्नल आहे. टॉवर जवळ असेल तर उत्तम, बालाघाटाच्या कुशीतल्या गावात आधी चाचणी मागा. डेटाची मर्यादाही विचारा. फायबरवर ती बहुधा महिन्याला 3300 जीबी असते, एअरफायबरवर बरीच कमी. ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असलं तरी मर्यादा ओलांडली की वेग कोसळतो.

आता पैसे. प्लॅनच्या आकड्यावर 18 टक्के जीएसटी धरा: 399 चे 471 होतात, 499 चे 589. चार माणसांच्या घराला 40-50 एमबीपीएस पुरतात. त्यावर 1 जीबीची फाइल तीन-साडेतीन मिनिटांत उतरते. खरी गोम पुढे आहे. ‘इन्स्टॉलेशन फ्री’ बहुतेकदा सहा महिने किंवा वर्षभराचे पैसे आगाऊ भरले तरच. मोडेमचे पैसे अनामत की विक्रीचे, हे पावतीवर लिहून घ्या. अनामत परत मिळते, विक्रीचे पैसे मिळत नाहीत. ठरावीक मीटरपुढच्या वायरीचा दर आधी ठरवा. रोख दिले आणि पावती नाही, तर ते पैसे गेले म्हणून समजा. ऊसतोडीला बाहेर जाणाऱ्या घरांनी वर्षाचा प्लॅन घेऊ नये. महिन्याचा घ्या आणि जाताना जोडणी तात्पुरती बंद ठेवायची सोय आहे का ते विचारा.

आधार, फोटो आणि पत्त्यासाठी लाइट बिल किंवा भाडेकरार लागतो. ओटीपी येईल तो मोबाइल हाताशी ठेवा. वायर खांबापर्यंत आलेली असेल तर काम दोन-चार दिवसांचं. ‘पुढच्या महिन्यात लाइन टाकतो’ म्हणणाऱ्याला आगाऊ रुपयाही नको.

जोडणीच्या दिवशी माणसाला पॉवर मीटर लावायला सांगा. आकडा उणे 25 च्या पलीकडे, म्हणजे उणे 27-28 दाखवत असेल तर जोड पुन्हा करून घ्या, नाहीतर पंधरा दिवसांनी मोडेमवर ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकेल. मोडेम 5 गिगाहर्ट्झवालाही मागा. पण माळवदाच्या घरात त्या दगडी भिंतींपलीकडे 5 चा सिग्नल पोचत नाही, तिथे 2.4 च लावा. लाइट जाणारच, तेव्हा छोटा यूपीएस घ्या. अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर जुळवा. बहुतेक मोडेम 12 व्होल्टचे असतात.

बंद पडलं तर केबलवाल्याला फोन कराच, पण बिल ज्या कंपनीचं असेल तिच्याकडेही तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. निकाल पटला नाही तर 30 दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तिथे मराठीतही बोलता येतं.