गिट, सातबारा आणि फेरफार

परभणीत संशोधक विद्यार्थ्यांना गिट शिकवायला लागून काही उन्हाळे झाले. समोर बसणारे बहुतेक कृषीचे, काही जैवतंत्रज्ञानाचे, एखाददुसरा भूगोलाचा. आर किंवा पायथॉन जेमतेम येतं आणि प्रबंधाचा सगळा जीव एक्सेलमध्ये असतो. फायलीत कधी, काय आणि का बदललं हे जपून ठेवणारं हे साधन त्यांच्या गळी उतरवताना माझं बरंच चुकलं. त्यातून जे हाती लागलं ते असं.

१. टोरवाल्ड्सची गोष्ट शेवटी सांगावी. पहिल्या शिबिरात मी एप्रिल २००५ पासून सुरुवात केली. लिनक्सवाले वापरायचे त्या बिटकीपरची फुकट सोय बंद झाली, मग लिनस टोरवाल्ड्सने काही दिवसांत स्वतःच गिट लिहायला घेतलं, वगैरे. मला ती गोष्ट फार आवडते. ती संपेपर्यंत साडेअकरा वाजले आणि लाईट गेली. संशोधकांना संगणकाची कामं शिकवणाऱ्या सॉफ्टवेअर कार्पेंट्रीच्या गिटवरच्या धड्यांत बरीच वर्षं ड्रॅक्युला आणि वुल्फमॅन मिळून ग्रहांच्या नोंदी ठेवायचे. तेही मी करून पाहिलं. इथे ड्रॅक्युला कोण हे सांगण्यातच दहा मिनिटं गेली. आता मी आल्या आल्या एकच विचारतो, ‘गाइडने मागच्या जूनमध्ये होता तसाच तक्ता आज मागितला, तर देता येईल?’ सगळे चिडीचूप.

२. दाखला मागायला परक्या दारी जाऊ नये. कमिट म्हणजे त्या क्षणाचा फोटो, असं मी सांगायचो. सगळे माना डोलवायचे आणि पुढच्याच सरावात कमिटच्या संदेशात ‘अपडेट’ एवढंच लिहायचे. एकदा जिंतूरकडचा एक मुलगा म्हणाला, ‘सर, फोटोवर कारण कुठं लिहिलेलं असतं? हा तर फेरफार झाला की.’

मी खडू खाली ठेवला. सातबारा म्हणजे आजची स्थिती: जमीन कोणाच्या नावावर, किती, बोजा काय. ती तिथवर कशी आली हे कळतं गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत. प्रत्येक फेरफाराला क्रमांक, तारीख आणि कारण असतं: वारस, खरेदीखत, वाटणी, बोजा. सातबाऱ्यावर जुनं नाव कंसात जातं आणि नव्या नावापाशी फेरफाराचा क्रमांक येतो. गिट ब्लेम ही आज्ञा फायलीच्या प्रत्येक ओळीपाशी नेमकं हेच दाखवते. नोंद चुकली तर पान फाडत नाहीत, दुरुस्तीचा नवा फेरफार घेतात. गिट रिव्हर्टही जुनं पुसत नाही, उलटा बदल करणारी नवी नोंद घालतं. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित करण्याआधी हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल तपासून मुख्य प्रतीत घ्या’ ही विनंती, समजावायला मला याहून बरं काही सापडलेलं नाही. मंडळ अधिकारी कोण, हे तेवढं गटाने ठरवायचं.

आता कुणी ‘अपडेट’ लिहिलं की मी विचारतो, ‘तलाठ्याने कारणाच्या जागी नुसतं “बदल केला” लिहिलं, तर तुझे वडील ऐकून घेतील?’ मग संदेश येतात ते असे: ‘प्लॉट १४ ची उंची इंचात होती, सेंटिमीटर केली.’ दाखला एके ठिकाणी मात्र लंगडा पडतो. गिटमध्ये इतिहास मागे जाऊन नव्याने लिहिता येतो. फेरफारात तो तसा लिहिता येत नाही, निदान येऊ नये. तसं करणारी रिबेस ही आज्ञा म्हणूनच मी पहिल्या दिवशी शिकवत नाही.

३. ॲड आणि कमिट अशा दोन पायऱ्या कशाला, हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर मोंढ्यात आहे. ॲड म्हणजे ट्रॉलीत पोती भरणं, कमिट म्हणजे काटा. जे ट्रॉलीत आहे त्याचंच वजन होतं. सोयाबीन आणि तूर एकाच खेपेत काट्यावर नेली, तर पावतीवरून कुठला माल किती ते कळणार नाही, म्हणून खेपा वेगळ्या. आणि ट्रॉली निघाल्यावर घरी आणखी दोन पोती भरली, तर ती या पावतीत येत नाहीत. ॲड केल्यावर फाईल पुन्हा बदलली की काय होतं, तेही याच वाक्यात उरकतं.

४. ब्रँचला ‘फांदी’ म्हणालो आणि फसलो. ‘सर, फांदी परत खोडाला येऊन मिळते?’ कृषीच्या वर्गात हे बोलायचं नसतं. सुटका पीकपैदास शिकणाऱ्या एका मुलीने केली. दोन ब्रँच जोडणाऱ्या मर्जच्या कमिटला दोन पालक असतात असं मी म्हटल्याबरोबर ती म्हणाली, ‘मग क्रॉस म्हणा ना.’ भेंडीचा परभणी क्रांती हा वाण इथल्याच कृषी विद्यापीठाचा, १९८५ चा. पुसा सावनी आणि एका रानटी भेंडीचा संकर, मग पुसा सावनीशी पुन्हा संकर आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या निवड. पिवळ्या शिरांच्या रोगाला टिकणारा गुण त्या रानटी भेंडीकडून आला. ती वंशावळ फळ्यावर खालून वर काढली की गिट लॉगचा आलेख आपोआप तयार होतो. फांदी हा शब्द मी तेव्हापासून टाकला.

५. मराठी नावांची तयारी आधी करावी. एकीने हौसेने फाईलला ‘ज्वारी_रब्बी’ असं नाव दिलं. गिट स्टेटस दाबल्यावर तिथे आलं ‘\३४०\२४४\२३४…’ आणि पुढे आकड्यांची रांग. व्हायरस आला असं समजून तिने पेन ड्राइव्हच उपटला. गिट देवनागरी अक्षरांचे बाइट आकड्यांत छापतं. कोअर डॉट कोटपाथ ही सेटिंग फॉल्स केली की नाव सरळ दिसतं. ही एक ओळ आता माझ्या तयारीच्या कागदावर सगळ्यात वर आहे.

त्याहून वाईट एक्सेल. सीएसव्ही साठवताना ‘यूटीएफ-८’चा पर्याय निवडला नाही, तर गावांची मराठी नावं जाऊन प्रश्नचिन्हं उरतात. एका शिबिरात एकाचे चाळीस प्लॉट असेच गेले. फाईल बंद केलेली, त्यामुळे अनडू नाही. मुलगा घामाघूम. पण सकाळीच त्याने कमिट केलेलं होतं. गिट डिफमध्ये लाल ओळींत मानवत, सेलू, पाथरी आणि खाली हिरव्या ओळींत नुसती ‘????’. गिट रिस्टोअर दाबलं आणि गावं परत आली. अख्ख्या वर्गाने ते उभं राहून पाहिलं. असा प्रयोग ठरवून मला कधी जमला नसता.

६. संपादक आधीच नोटपॅड करून द्यावा. संदेश न देता कमिट केलं की व्हिम उघडतं, आणि त्यातून बाहेर कसं पडायचं हे कुणाला माहीत नसतं. एकाने तर लॅपटॉपची बॅटरी काढली.

७. गिटहब, म्हणजे गिटची भांडारं ठेवायची नेटवरची जागा, दुसऱ्या दिवशी. ऑगस्ट २०२१ पासून कमांड लाइनवर तिथे पासवर्ड चालत नाही, टोकन लागतं. तीस जण, मोबाइलचं हॉटस्पॉट आणि टोकन एवढ्यात दुपार जाते. गिटला मुळात नेट लागत नाही, हेच आधी ठसवावं. पेन ड्राइव्हवर ‘बेअर’ भांडार, म्हणजे कामाच्या फायली नसलेलं, नुसता इतिहास ठेवणारं, तयार करून त्यात पुश करता येतं. लाईट गेली तरी ज्याची बॅटरी शिल्लक, त्याचं काम चालू.

८. कॉन्फ्लिक्ट टाळू नये, मुद्दाम घडवावा. जोड्या लावतो, दोघांनाही एकच ओळ बदलायला सांगतो. मागच्या खेपेला दोन मैत्रिणी ज्वारीच्या एकाच प्लॉटच्या उंचीवर अडल्या. एकीचं १८६, दुसरीचं १६८. पडद्यावर दोन्ही आकडे, मध्ये बरोबरच्या चिन्हांची रेघ. कोणता ठेवायचा हे गिट सांगत नाही, ते तुम्ही ठरवायचं, एवढं मी सांगितलं. ‘वही बघू,’ म्हणत एकीने पिशवीतून शेतावरची नोंदवही काढली. पावसाने फुगलेली पानं, पेन्सिलीतले आकडे. त्या प्लॉटसमोर १८६ वर काट मारून शेजारी १६८ लिहिलेलं होतं. अक्षर दोघींपैकी कुणाचंच नव्हतं. तारीख नाही, सही नाही. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, ‘आधी जेवून येऊ.’