कथा छापायला देऊ का?

प्रश्न : मी नागपुरात केंद्र सरकारच्या गुप्तवार्ता खात्यात आहे. रात्री-अपरात्री फोन येतो, सणावारीही सुट्टीची खात्री नसते. वीस वर्षं चोरून कथा लिहितोय. छापायला द्याव्यात का? टोपणनाव घेतलं तर चालेल?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : 'चोरून' हा शब्द आधी काढून टाका. गुप्तचर कर्मचाऱ्यांवर निर्बंध घालणाऱ्या १९८५ च्या कायद्यातही निव्वळ साहित्यिक, कलात्मक किंवा वैज्ञानिक लेखनाला सूट आहे. अडचण आहे ती 'निव्वळ' या शब्दात. कथेतला खबऱ्या, पाळतीची पद्धत, अगदी कार्यालयाचा जिना जरी ओळखू आला, तरी प्रश्न उभा राहील. म्हणून छापण्याआधी वरिष्ठांना लेखी कळवा. टोपणनावाने हे टळत नाही. कवी ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे, हे तुमच्या नागपुरात कोणाला ठाऊक नव्हतं?

१९६८ मध्ये स्थापन झालेल्या 'रॉ' या गुप्तचर संस्थेचे पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव शिल्पं घडवत. घोडे हा त्यांचा आवडता विषय. मातीतून गुपित फुटत नाही, शब्दांतून फुटू शकतं. तेव्हा विषय कामापासून लांबचा निवडा : आजोळ, संत्र्याची बाग, फुटाळा तलावावरची संध्याकाळ. कच्चं टिपणही कार्यालयाच्या संगणकावर नको.

रोज लिहिण्याचा हट्ट धरू नका. तुमच्या नोकरीत तो मोडणारच, आणि मन खट्टू होईल. महिन्यातली एक सकाळ पुरे. आणि पहिली कथा घरच्यांना वाचून दाखवा. दिवस कसा गेला हे तुम्ही त्यांना कधी सांगू शकला नाहीत. ही गोष्ट तरी सांगता येईल.