भाडेपट्टा आणि ताळेबंद

म्हैसूरच्या हूटगळ्ळी औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मोठ्या कंपनीने दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने गोदाम घेतले आहे, असे समजू. पूर्वी असे भाडे नफा-तोटा पत्रकात केवळ खर्च म्हणून पडे. पुढील वर्षांचे देणे ताळेबंदाच्या आकड्यांत येत नसे. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या भारतीय लेखामानक ११६ नुसार वापराचा हक्क मत्ता म्हणून, तर उरलेल्या भाड्याचे वर्तमान मूल्य दायित्व म्हणून दाखवावे लागते. भाडेखर्चाची जागा घसारा व व्याज घेतात. तिजोरीतून जाणारा पैसा मात्र तेवढाच राहतो. म्हणून त्या सुमाराच्या ताळेबंदांची तुलना करताना भागधारकाने प्रथम हे पाहावे, की वाढलेले देणे खरोखर नवे आहे, की जुनेच आता उजेडात आले आहे.